प्लेस्टेशन ५ साठी १२० हर्ट्झचा टीव्ही

प्रश्न: खोक्यावर ‘मोशन रेट २४०’ असे छापलेला ५५ इंची टीव्ही फोर-के चित्र १२० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलत, दाखवू शकेल का?

उत्तर १: तो आकडा बहुधा हालचाल सलग भासवणाऱ्या प्रक्रियेचा असतो आणि पॅनेल मुळात ६० हर्ट्झचेच असू शकते, म्हणून तपशिलात पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा, पाहावा.

उत्तर २: नुसत्या ‘एचडीएमआय २.१’ (टीव्हीला कन्सोल जोडणाऱ्या पोर्टचे मानक) या शब्दांवरही विसंबू नये, कारण त्या नावाखाली १२० हर्ट्झ देणे बंधनकारक नाही. ‘फोर-के १२०’ आणि ‘व्हीआरआर’ (गेमच्या गतीनुसार बदलणारा रिफ्रेश रेट) यांचा उल्लेख स्वतंत्रपणे शोधावा. शिवाय अनेक टीव्हींत असे दोनच पोर्ट असतात आणि त्यांपैकी एक ईआर्कचा (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा), म्हणजे साउंडबार असेल तर त्याने अडवलेला.

प्रश्नकर्ता: साउंडबार आहे, कन्सोल मात्र एकच.

उत्तर २: मग दोन पुरतील. अनेक टीव्हींत कन्सोलच्या पोर्टसाठी सेटिंगमध्ये वाढीव सिग्नलचा पर्याय चालू करावा लागतो, तेवढे विसरू नका.