फियाट ११०० डी (१९६८) : पुढच्या काचेचं रबर, क्रोम पट्टी आणि त्रिकोणी काचेचं बीडिंग नीट बसेल असं कुठे मिळेल?

अण्णांची_डिलाइट (ठाणे)

नमस्कार मंडळी. गाडी १९६८ ची फियाट ११०० डी, म्हणजे जिला डिलाइट म्हणायचे ती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. अण्णांनी नंबर लावून घेतलेली, मधली कित्येक वर्षं ताडपत्रीखाली गेलेली. १०८९ सीसीचं इंजिन चालू झालंय, स्टिअरिंगवरचा गिअर चारही खाचांत पडतो, रंगही झाला. सगळं अडलंय ते काचांपाशी.

जुनं पुढचं रबर काढताना दगडासारखं तुटत आलं. मूळ काचेला तडा होता म्हणून नवी लॅमिनेटेड काच करून घेतली. मग एका स्पेअरच्या दुकानातून 'ओरिजिनल पॅटर्न' म्हणून रबर आणलं. वरचे दोन्ही कोपरे बॉडीपासून सुटे राहतात, इतके की त्यात करंगळी जाईल. खाली मधोमध रबर फुगतं. आणि त्या रबराच्या बाहेरच्या खाचेत जी चकचकीत पट्टी बसते, ती दुपारी दाबून बसवली की संध्याकाळपर्यंत बाहेर डोकावते. दुसऱ्या दुकानातून मीटरवर मिळणारं रबर आणलं, तर त्यात पट्टीची खाचच नाही.

डेंटरमामा म्हणतात, उन्हात ठेवा, चार दिवसांत बसेल आपोआप. मी शाळेत भूमिती शिकवते. आपोआप बसणारा कोपरा अजून पाहिला नाही.

तर प्रश्न असे. डिलाइटचं आणि पद्मिनीचं रबर एकच का? इटलीहून मागवावं का? पुढच्या दारांतल्या त्रिकोणी काचांचं बीडिंग (कडेचं रबर) कुठेच मिळत नाही, त्याचं काय करायचं? गाडीनं पन्नाशी ओलांडली आहे, व्हिंटेज गाड्यांना मिळणारा व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा विचार आहे, तेव्हा पट्टी काढून टाकून नुसतं काळं रबर लावा असा सल्ला कृपया देऊ नये. तो तीन जणांनी देऊन झाला आहे.

कुर्ला_डेपो (चेंबूर)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. १९६४ ला ११०० डी आली, १९७२ ला तिचं प्रेसिडेंट झालं, १९७४ ला पद्मिनी. नावं बदलली, खोकं तेच. ग्रिल, बंपर, डॅशबोर्ड यांत फरक आहेत, पण पुढच्या काचेची उघडी जागा मला तरी वेगळी आढळलेली नाही. घोळ होतो तो आधीच्या गाड्यांमुळे. मिलेचेंतो, एलिगंट, सुपर सिलेक्ट याही ११००च. दुकानदार 'अकराशे' ऐकतो आणि हाताला येईल ते काढून देतो. 'डी' म्हणून ठासून सांगा, आणि 'पद्मिनी' म्हणालात तरी चालेल.

माल शोधायला पूर्वी कुर्ल्याचा भंगार बाजार पुरे व्हायचा. टॅक्सी तुटत होत्या तोवर दारं, काचा, हँडल सगळं मिळायचं. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरच राहिली नाही, तिथून ओघ आटला. आणि टॅक्सीचं रबर घेऊ नका. ते इतक्या वेळा बदललेलं असतं की त्यात कंपनीचं काय उरलं हा प्रश्नच आहे. दाराच्या काचेची यंत्रणा, त्रिकोणी काचेची धातूची चौकट, तिची खिट्टी, हे मात्र दिसलं की उचला.

रबरवाला (उद्यमनगर, कोल्हापूर)

ताई, नमस्कार. आमचं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, पंपाचे सील आणि बुश करतो. जुन्या गाड्यांची कामं हौसेनं घेतो, त्यात पैसा नाही. जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

तुम्ही गाडीच्या नावानं रबर शोधताय. रबराला गाडीचं नाव कळत नाही, त्याला तीन मापं कळतात.

एक, काचेची जाडी. जुनी काच साधारण पाच मिलिमीटरची असते. नवी लॅमिनेटेड बहुतेक त्याहून जाड येते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो म्हणून. अर्धा-पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? रबराची खाच काचेपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक असली की ते घट्ट धरतं. त्यात आणखी जाड काच घुसवली की रबराचे ओठ फाकतात. ओठ फाकले की त्याच ओठात असलेली पट्टीची खाचही उघडते. तुमची पट्टी संध्याकाळी बाहेर येते ती ह्यामुळं. पट्टीत दोष नसावा.

दोन, पत्र्याच्या कडेची जाडी. काचेभोवती जी कड असते तिथं दोन-तीन पत्रे स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले असतात. कारखान्यातून निघताना ती कड सगळीकडं सारखी होती. साठ वर्षांत तिथं गंज लागला, कुणी पत्र्याचा तुकडा मारून ब्रेझिंग (पितळी जोड) केलं, वर लांबी (पुट्टी) भरली, वर प्रायमर, वर रंगाचे चार हात. आता ती वर दोन मिलिमीटर आणि खालच्या कोपऱ्यात चार, असं झालेलं असतं. रबर एकाच मापाचं, कड तीन मापांची. जगातलं कुठलंही रबर तिथं बसणार नाही.

तीन, काचेची कड आणि पत्र्याची कड यांच्यामधलं अंतर. हे कोणीच मोजत नाही. काच पुसून घ्या, उघड्या जागेत ठेवा, खाली रबराचे सारख्या जाडीचे दोन तुकडे द्या म्हणजे काच टेकून उभी राहील. मदतीला दोघं हवेत. आता सगळ्या बाजूंनी फट बघा. बोटभर अंतरावर पेन्सिलनं खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर फट मोजून कागदावर लिहा. भूमितीच्या बाई आहात, तुम्हाला आम्ही काय सांगायचं. एका कोपऱ्यात फट मोठी आली तर काच चुकीची कापलीय किंवा डेंटरनं छताचा खांब ओढलाय. दोन्हीपैकी काय, ते जुनी तडकलेली काच नव्यावर ठेवून कळेल. जुनी टाकली नसेल तर अजून टाकू नका.

ही मापं आली की मग रबराच्या आकाराकडं वळायचं. तुटलेल्या जुन्या रबराचा बोटभर तुकडा घ्या, नव्या ब्लेडनं पापडाएवढी पातळ चकती कापा आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवून स्कॅनरवर काढा. मोबाइलचा फोटो नको, त्यात कोन येतो. एक सांभाळा, जुनं रबर आकसलेलं असतं, खाचा मिटलेल्या असतात. म्हणून आकार जुन्या रबरावरून, पण खाचेचं माप काचेवरून आणि पत्र्यावरून.

दुकानातलं रबर हातात आल्यावर ते उलटं दुमडून दाबा. घडीवर पांढरट भेगा आल्या किंवा अंगठ्याला काळं लागलं तर तो रिक्लेमचा, म्हणजे जुन्या रबरापासून पुन्हा केलेला माल आहे, दोन उन्हाळ्यांत फुटेल. चांगलं म्हणजे ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर), कडकपणा शोअर ए मापावर साठ ते पासष्ट. याहून कडक घेतलं तर कोपऱ्यात वळत नाही, उभं राहतं. तुमचे वरचे कोपरे सुटतात त्यात कडकपणाही असू शकतो.

त्रिकोणी काचेचं बीडिंग ही वेगळी गोष्ट. ते लांबीवर निघत नाही, साच्यातच निघतं, कारण एका टोकाला त्याचा आकारच बदलतो. एक बरा नमुना असेल, फाटका चालेल पण पूर्ण हवा, तर त्यावरून सिलिकॉनचा साचा करून पॉलियुरेथेन ओतता येतं. दोन-चार जोड्यांसाठी तेच परवडतं. लोखंडी डाय (कायमचा साचा) करायची तर पंधरा-वीस माणसं गोळा करा, नाहीतर नुसत्या डायच्या पैशात दुसरी पद्मिनी येईल.

अण्णांची_डिलाइट

रबरवाले दादा, शाळा सुटल्यावर व्हर्निअर घेऊन गॅरेज गाठलं. काच : नवी ६.१, जुनी ४.९. कड : वर सगळीकडे १.९ ते २.१, डावीकडे खाली ४.३, उजवीकडे खाली ३.६. फट : वर आणि बाजूंना जवळजवळ सारखी, पण खाली मधोमध बरीच कमी. डेंटरमामांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, मग काही न बोलता ग्राइंडर शोधायला गेले. ही प्रगती आहे.

जुनी काच आहे, गोधडीत गुंडाळून माळ्यावर.

रबरवाला

झालं की मग! खाली मधोमध फट कमी म्हणूनच तिथं रबर फुगतंय. ग्राइंडर मारायच्या आधी जुनी काच नव्यावर ठेवून बघा. नवी खाली जास्त असेल तर काचवाल्याकडं न्या. लॅमिनेटेड असल्यामुळं कड घासून कमी करता येते, टफन्डला (तापवून कडक केलेल्या काचेला) हात लावता आला नसता. मामांना म्हणावं लांबी आणि ब्रेझिंगचा उंचवटाच काढा, मूळ पत्रा खाऊ नका. उघड्या पत्र्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर मारा, पावसाळ्याची वाट बघू नका.

तोरिनोकर (तोरिनो)

इटलीचं मी सांगतो, नोकरीनिमित्त ऐन फियाटच्या गावात राहतो. इथे ११०० डी १९६२ ते १९६६ निघाली, त्यानंतर ११०० आर. इथल्या डीचं इंजिन तुमच्याहून वेगळं, १२२१ सीसी, पण त्याचा काचेशी संबंध नाही. विक्रेते रबर दोन तऱ्हांनी विकतात, तयार गोल जोडलेलं आणि मीटरवर. मीटरवाल्याच्या यादीत बहुतेक ठिकाणी छेदाचं चित्र मापांसकट असतं. ताईंनी ते चित्रच बघावं, गाडीचं नाव नंतर. आणि एक विचारून घ्यावं : रबर पट्टीसाठी खाच असलेलं आहे की बिनखाचेचं? दोन्ही विकतात आणि फोटोत फरक कळत नाही.

६.१ ची काच ठेवणार असाल तर इकडचं रबर घाईनं मागवू नका. ते मूळ काचेच्या हिशेबानं केलेलं असणार, म्हणजे पुन्हा तीच पट्टी डोकावणार. शिवाय कस्टम भरून आलेलं रबर परत पाठवायला जिवावर येतं. मी ऑक्टोबरात 'आउतो ए मोतो देपोका' या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जातो, पूर्वी पाडोव्हाला भरायचं, २०२३ पासून बोलोन्याला. तिथे रबराची खोकीच्या खोकी मांडलेली असतात. तुमच्या चकतीचं चित्र इथे टाका, मी हातात धरून ताडून बघेन.

पट्टी_पॉलिश (नाना पेठ, पुणे)

रबराचं झालं, आता पट्टीकडे कोणी बघाल का? ताई, नवी पट्टी शोधू नका. जुनी वाकलेली असली तरी तीच ठेवा, तिची वक्रता तुमच्याच काचेची आहे. बाजारात मिळते ती प्लास्टिकवर चंदेरी कागद चिकटवलेली, तिला वर्षात पोपडे येतात.

आधी पट्टी कशाची ते बघा. लोहचुंबक चिकटला तर लोखंडावर क्रोम. नाही चिकटला आणि मागून खरवडल्यावर पिवळं दिसलं तर पितळेवर क्रोम. हाताला हलकी, आतून-बाहेरून पांढरी असेल तर ॲल्युमिनियम, आणि ती ॲनोडाइज केलेली (वर कडक संरक्षक थर चढवलेली) असण्याची शक्यता जास्त. ॲनोडाइजवर कितीही बफिंग मारलं तरी चमक येत नाही. तो थर आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काढावा लागतो, मिनिटाभराचं काम, मोजे-चष्मा घालून. जास्त वेळ ठेवली तर पट्टीच विरघळेल. ठोके काढायला लोखंडी हातोडी नको. लाकडाच्या तुकड्यात पट्टीच्या पोटाचा आकार तासा, पट्टी त्यावर पालथी घाला आणि नायलॉनच्या हातोडीनं हलके हलके.

बसवताना माझी पद्धत अशी : रबर काचेवर, मग पट्टी रबरात, जमिनीवरच, सतरंजी अंथरून. त्यानंतर रबरातल्या पत्र्यासाठीच्या खाचेत जाड सुतळी फिरवायची, टोकं खाली मधोमध. काच बाहेरून लावायची, एकानं तळव्यानं दाबायचं, दुसऱ्यानं आत बसून सुतळी ओढत ओठ पत्र्यावर घ्यायचा. साबणाचं पाणी भरपूर. रॉकेल, ऑइल, ग्रीस अजिबात नको, ईपीडीएम त्यानं फुगतं. आणि गळती थांबवायला व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन भरू नका, त्यातल्या आम्लानं पत्रा गंजतो. न सुकणारं ब्यूटिल सीलंट मिळतं, ते घ्या.

कुर्ला_डेपो

पुणेकरांनी मिनिटाभराचं काम म्हटलं की तासभर धरावा. बाकी सगळं बरोबर. दाराच्या काचेच्या मखमली चॅनलचं कोणी बोललं नाही. तिथे मेकॅनिक मारुतीचा चॅनल कापून घालतात. चालतो, पण आधी दाराच्या काचेची जाडी मोजा, नाहीतर काच अर्ध्यावर अडकते आणि हँडलचे दाते जातात.

अण्णांची_डिलाइट

जुनी काच नव्यावर ठेवली. नवी खालच्या बाजूला मधोमध चार मिलिमीटर जास्त आहे. काचवाला घासून द्यायला तयार आहे, कुरकुरत. पट्टी हलकी, चुंबकाला दाद न देणारी, म्हणजे ॲल्युमिनियम. डाव्या दाराचं त्रिकोणी बीडिंग एका जागी फाटलंय पण पूर्ण आहे, उजवं तीन तुकड्यांत. रबरवाले दादा, डाव्यावरून उजवं करता येईल का? आरशातल्यासारखं उलटं लागेल ना?

रबरवाला

उलटंच लागतं, म्हणून डाव्याचा साचा उजव्याला चालत नाही. पण तीन तुकडे जोडून नमुना उभा करता येतो. सांध्यांना सुपरग्लू लावू नका, कडक गाठ साच्यात उतरते. तुकडे तसेच पाठवा, डावंही पाठवा, आणि त्रिकोणी काच बसते ती धातूची चौकटही, तिच्याशिवाय माप पक्कं होणार नाही. धुऊन, पुसून, पावडर लावून पाठवू नका. जसं आहे तसं वर्तमानपत्रात गुंडाळा, प्रत्येक तुकड्यावर खडूनं वर-खाली लिहा. पत्ता निरोपातून कळवतो. गणपतीआधी आलं तर बरं, नंतर ऑर्डरींची गर्दी असते.