दुसरे देश समजून घ्यायचे तर काय वाचावं? (मी कापसाच्या धंद्यातला माणूस आहे)

सरकी_रुई (मानवत)

नमस्कार मंडळी. मी इथं एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यावर, हिशेबाचं काम बघतो. सीझनमध्ये रोज सकाळी भाव निघतो आणि कामून पडला असं विचारलं की उत्तर बाहेरच्या देशातलंच असतं, अमेरिकेचा वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) खाली आला, ब्राझीलचं पीक बंपर आहे, बांगलादेशातून सुताला मागणी नाही. मी पण तेच ऐकून पुढच्याला सांगतो. मागच्या सीझनला एक म्हातारे शेतकरी काट्यावर गाडी लावून बसले होते, भाव ऐकून गप्प झाले आणि थोड्या वेळानं मला म्हणाले, "बाळा, ते ब्राझील ब्राझील म्हणायलास, तिथल्या कापूसवाल्याचं बी आपल्यासारखंच हाय का रे?" मला काहीच सांगता आलं नाही. बारा वर्षं झाली मी त्या देशाचं नाव रोज घ्यायलोय आणि तिथला माणूस कसा राहतो, काय खातो, कर्ज कुणाकडून घेतो याची एक ओळ माहीत नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की वाचायचं. प्रवासवर्णनं आणली लायब्ररीतून, चांगली होती पण त्यात लिहिणारा पंधरा दिवसांत जे बघतो तेवढंच. बातम्यात तर देश फक्त भांडण झालं की येतो. तर विचारायचं हे की माहितीपर पुस्तकं वाचू का कादंबऱ्या? इंग्रजी येतं पण हळू, मोबाईलवर शब्द बघत बघत. मराठीत असलं तर बरंच.

वाचनवेडी (लातूर)

दादा तुमचा प्रश्न वाचून आधी एकच पुस्तक आठवलं, वीणा गवाणकरांचं एक होता कार्व्हर. तुम्ही शाळेत असताना वाचलं असेल पण तेव्हा आपण ते 'गरीब मुलगा कसा मोठा झाला' म्हणून वाचतो, आता जिनिंगवर बसून परत वाचा. गुलामीत जन्मलेला हा माणूस 1896 मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला गेला, तिथं वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन जमीन पार पिठासारखी झालेली, पुढं काही वर्षांनी बोंडं पोखरणारा भुंगेरा पण आला. तो लोकांना सांगत फिरला की कापसाच्या जागी एक वर्ष भुईमूग, रताळी, चवळी घ्या, जमिनीला नत्र मिळू द्या. 1906 मध्ये तर घोडागाडीवर सामान लादून शेतीची फिरती शाळाच सुरू झाली. मी विज्ञान शिकवते, कडधान्याच्या मुळावरच्या गाठी शिकवताना दरवर्षी हेच सांगते आणि ज्यांच्या घरी कापूस आहे ती पोरं लगेच मान वर करतात. अमेरिका म्हणजे फक्त उंच इमारती नाहीत, तिथंही सावकाराकडून उधारीवर बी घेणारा कापूसवाला होता, हे मला त्या पुस्तकानं पहिल्यांदा सांगितलं. मराठीतच आहे, सुरुवात इथून करा.

हिशोबी (नांदेड)

ताईंचं बरोबर पण त्यांना आजचा भाव कळून घ्यायचाय ना. माझं मत स्पष्ट आहे, आधी माहितीपर वाचा. कादंबरी एका माणसाच्या डोक्यातून येते, त्यावरून देश ठरवायला गेलात तर फसाल. पिएत्रा रिव्होली नावाच्या प्राध्यापक बाईंचं 2005 चं एका टी-शर्टच्या प्रवासावरचं पुस्तक आहे, टेक्सासच्या कापसापासून चीनच्या कारखान्यापर्यंत आणि तिथून जुना झालेला शर्ट टांझानियाच्या बाजारात जाईपर्यंत. इंग्रजी सोपं आहे, तुम्हाला जड जाणार नाही. अमेरिकेचा शेतकरी एवढ्या मजुरीत कसा टिकतो हे त्यातून समजतं, तिथं सरकार सबसिडी देऊन पाठीशी उभं असतं. याच सबसिडीवरून ब्राझील 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, केस जिंकला आणि 2014 मध्ये अमेरिकेनं 30 कोटी डॉलर द्यायचं कबूल करून ते भांडण मिटवलं.

दुसरं स्वेन बेकर्टचं कापसाच्या इतिहासाचं, 2014 चं. ते जाड आहे, एकदम हातात घेऊ नका. पण त्यात आपल्या शेजारचा वऱ्हाड आहे बरं का. 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली, इंग्लंडातल्या लिव्हरपूलला कापूस मिळेना, मग इंग्रजांची नजर इकडं वळली. भाव आभाळाला गेले आणि 1865 ला तिकडं लढाई थांबली तसे खाली आले. म्हणजे तुमचा रोज सकाळचा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

बालाघाटी (धारूर)

हिशोबी सर, तुमचा मान ठेवून सांगतो, मला नाही पटलं. आकड्यातून भाव कळंल, पण त्या म्हाताऱ्या बाबांनी भाव नव्हता विचारला, "आपल्यासारखंच हाय का" असं विचारलं होतं. त्याचं उत्तर मला कादंबरीतच सापडलं.

माझे आईबाप वीस वर्षं ऊसतोडीला गेले, दोघं मिळून एक कोयता. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि आम्ही पोरं आजीपाशी. कॉलेजात असताना एका सरांनी ब्राझीलच्या ग्रासिलियानो रामोसची 1938 ची कादंबरी दिली, मूळ नाव व्हिदास सेकास, म्हणजे कोरडी आयुष्यं, इंग्रजीत बॅरन लाइव्ह्ज. ब्राझीलच्या ईशान्येला सर्ताव म्हणून दुष्काळी पट्टा आहे. फाबियानो, त्याची बायको, दोन पोरं आणि बालेया नावाची कुत्री पाण्यासाठी चालत निघालेत, सुरुवातीलाच भूक एवढी की सोबतचा पोपट मारून खातात. पोरांना पुस्तकभर नावंच नाहीत, थोरला आणि धाकटा, बस. फाबियानो मालकाची गुरं राखतो, वासरांत त्याचा वाटा असतो पण तो हाती येण्याआधीच उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, गेलेला. हिशेबाच्या दिवशी बायको घरी जमिनीवर बिया मांडून आकडा काढून देते, मालकाचा आकडा कमीच निघतो, हा विचारतो तर मालक म्हणतो व्याज. हा जरा आवाज चढवतो, मालक म्हणतो जा मग दुसरीकडं, आणि हा टोपी हातात घेऊन माफी मागून बाहेर येतो.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो. माझा बाप उचल फिटली का म्हणून विचारायला गेला की असाच परत यायचा, घरी काही बोलायचा नाही. मी बापाला कधी विचारलं नव्हतं तिथं काय होतं ते. ते मला पोर्तुगीज लिहिणाऱ्या माणसानं सांगितलं. तेरा छोटी प्रकरणं आहेत, डिक्शनरी घेऊन महिन्याभरात होतंय.

हिशोबी (नांदेड)

भाऊ, मनाला लागलं. पण एक सांगितलंच पाहिजे, नस्ता सरकी_रुई यांचा गैरसमज व्हायचा. आजचा ब्राझीलचा कापूस त्या दुष्काळी माणसाचा नाही. तो मुख्यतः तिथल्या मातो ग्रोसो राज्यातून येतो, हजारो हेक्टरची एकेक शेती, वेचणी सगळी मशीननं. फाबियानो वाचून भाव समजायला गेलात तर उलटंच चित्र दिसंल.

जुना_ग्रंथपाल (छ. संभाजीनगर)

दोघांचंही घ्या. मी तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं, त्यातून एक सवय लागली, एका देशाची दोन पुस्तकं सोबत द्यायची, एक तिथल्याच माणसानं लिहिलेलं आणि एक बाहेरच्यानं, आणि दोन्हीवर साल बघायचं. चीनच्या शेतकऱ्यावरची पर्ल बकची 1931 ची कादंबरी आपल्याकडं फार आवडीनं वाचली जाते, चांगलीच आहे, पण लिहिणारी मिशनऱ्यांची मुलगी होती आणि तो चीन कधीच मागं पडला. हे सांगून पुस्तक दिलं की वाचणारा नीट वाचतो.

हा फरक सगळ्यात चांगला कुणी दाखवला असेल तर नायजेरियाच्या चिनुआ अचेबेनं, 1958 च्या थिंग्ज फॉल अपार्टमध्ये. पूर्ण कादंबरीभर आपण ओकोन्क्वोचं गाव, त्याची सुरणासारख्या कंदांची शेती, त्याचा राग, त्याच्या बायका, देव, सगळं आतून बघतो. आणि शेवटच्या पानावर इंग्रज अधिकारी मनात म्हणतो की मी या भागावर पुस्तक लिहायलोय, त्यात या माणसावर एखादा परिच्छेद बसेल. आपण दोनशे पानं ज्याच्यासोबत राहिलो तो बाहेरच्याच्या पुस्तकात एक परिच्छेद! माहितीपर वाचताना मी नेहमी ते पान आठवतो आणि विचारतो, इथं कुणाचा परिच्छेद झालाय?

बांगलादेशचं म्हणाल तर 24 एप्रिल 2013 पासून सुरू करा. ढाक्याजवळ साभारला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, 1,100 च्या वर माणसं गेली, बहुतेक शिलाई करणाऱ्या बाया. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते तरी त्यांना कामावर बोलावलं. तुमच्याकडची रुई सूत होऊन जिथं जाते तिथं ही माणसं असतात, त्यांच्याबद्दल जे मिळंल ते वाचा.

सरकी_रुई (मानवत)

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कार्व्हर लायब्ररीत होतं, दोन रात्रीत संपवलं. बॅरन लाइव्ह्ज मागवलं, रोज दोन-तीन पानं होतात, हिशेबाच्या प्रकरणापर्यंत आलोय. बालाघाटी भाऊ, मी स्वतः काट्याच्या या बाजूला बसतो, त्यामुळं ते पान मला वेगळंच लागलं. दुसऱ्या दिवशी पावती करताना प्रत्येकाला कट्टी (वजनातली कपात), हमाली, उचल सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

परवा ते म्हातारे बाबा सरकी न्यायला आले होते. त्यांना हिशोबी सरांचं मशीनचं शेत सांगितलं आणि मग फाबियानोचं पण सांगितलं, त्याचा दुष्काळ, बायकोच्या बिया, व्याज. ते पोत्यावर बसून ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "मग पुढं पाऊस पडला का तिथं?"

मी म्हणलं अजून तिथवर आलो नाही. पुढच्या बाजाराला येतो म्हणालेत, तोवर वाचून ठेवतो.