संजीव कुमार यांनी ऐन उमेदीत वृद्ध भूमिका का स्वीकारल्या?

प्रश्न: १९७५ साली ‘शोले’ प्रदर्शित झाला, तेव्हा संजीव कुमार जेमतेम ३७ वर्षांचे होते. नायकपद हाताशी असताना त्यांनी पिकल्या केसांचा ठाकूर का स्वीकारला असावा?

प्रतिसाद १: याचे मूळ रंगभूमीत असावे. ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेच्या नाटकांतून घडलेल्या, विशीतच रंगमंचावर म्हातारा साकारलेल्या या नटाला वयाची भीती वाटण्याचे कारणच नव्हते.

प्रतिसाद २: सहमत. १९७२ मध्ये ‘कोशिश’मध्ये ते जया भादुरींचे पती होते, तर त्याच वर्षीच्या ‘परिचय’मध्ये चक्क वडील! ‘कोशिश’मधील मूकबधिर नायकासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, माझ्या मते ठाकूरपेक्षा ती भूमिका कितीतरी कठीण होती, कारण तिथे संवादांचा आधारच नव्हता.

प्रतिसाद ३: ‘अंगूर’मधील दुहेरी विनोदी भूमिका विसरू नये.