घरच सांभाळत बसलो तर पाचारण (देवाची सेवेसाठीची हाक) राहून जातं का?

नगरी_कट्टा:
सर्वांना सलाम. मागच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाहेरगावचे एक वक्ते आले होते. विषय बायबलमधला तालंतांचा दाखला, मत्तय २५: धन्याने दिलेला पैसा एक चाकर वापरायचा सोडून पुरून ठेवतो आणि हिशोबाच्या वेळी सापडतो. बोलता बोलता म्हणाले की आजच्या ख्रिस्ती माणसाने आपला तालंत घरातच पुरून ठेवलाय, बायको, पोरं, ईएमआय, आईबापाचं दुखणं, आणि न्यायाच्या दिवशी प्रभूने हिशोब मागितला तर हीच कारणं सांगणार का. लोकांनी जोरात आमेन म्हटलं. मला काही म्हणवलं नाही.

माझ्या घरचं सांगतो म्हणजे कळेल कशावरून बोलतोय. वडलांना शुगर, पायाची जखम भरत नाही, रोज ड्रेसिंग. धाकटा भाऊ चर्चला यायचा बंद झालाय, देवाचं नाव काढलं की उठून जातो, पण वडलांना उचलून बाथरूमला नेतो तो तोच. बायको वसईची कॅथलिक, तिला संध्याकाळी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) हवी, वडलांना उपासना संगीतातलं गीत सगळ्या कडव्यांसकट हवं, पोरीची दुसऱ्या दिवशी टेस्ट, त्यात वडील मध्येच थांबवून नातीचे उच्चार सुधारणार, मफीबोशेथ नीट म्हण, घाई नको. कधीकधी नुसतं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून उठतो, ते पण कोणीतरी रुसलेलं असताना.

आता हे सगळं पाचारणाच्या आड येतं, की हेच पाचारण? येशू सेवेला लागला तेव्हा सुमारे ३० वर्षांचा होता असं लूक सांगतो. त्याआधी काय करत होता? नासरेथात सुतारकाम, आईबापाच्या आज्ञेत. आणि मार्क ७ वाचा, जो माणूस म्हणतो की आईबापाला द्यायचं ते मी देवाला अर्पण केलंय, त्याला प्रभू शाबासकी देत नाही, झापतो. तुम्हाला काय वाटतं?

मीठ_आणि_प्रकाश:
भाऊ, भावना समजल्या, पण तुम्ही सोयीची वचनं उचललीत. लूक ९ मध्ये एक जण म्हणतो आधी बापाला पुरून येतो, त्याला काय उत्तर मिळालं? मेलेल्यांना मेलेल्यांना पुरू दे, तू जा आणि देवाच्या राज्याची घोषणा कर. मार्क ३ मध्ये आई आणि भाऊ दाराबाहेर उभे, आणि तो आत बसलेल्यांकडे बघून म्हणतो हेच माझी आई आणि माझे भाऊ. मत्तय १० मधलं बापावर किंवा आईवर माझ्यापेक्षा जास्त प्रीती करणारा मला योग्य नाही, ते वेगळंच.

तुम्ही नगरचे ना? मग सिंथिया फरार माहीत असेल. १८२७ मध्ये अमेरिकेहून बोटीने मुंबईला आली, लग्न केलं नाही, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढायची प्रेरणा मिळाली ती तिची नगरची शाळा बघून. तिला घर नव्हतं का, आईबाप नव्हते का? ती म्हणाली असती की घरच माझं पाचारण, तर आज तुम्ही कुठल्या मंडळीत बसला असता? घर सांभाळणं हे कर्तव्य, विश्वास न ठेवणारा शेजारी पण ते करतोच, त्याला पाचारणाचं लेबल लावलं की माणूस आरामात सोफ्यावर बसतो.

नगरी_कट्टा:
सोफा! या एकदा ड्रेसिंगच्या वेळी 😀
फरारबाईंबद्दल आदरच आहे. पण १ तीमथ्य ५:८ पण आहे ना, जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. पौल लिहितोय हे, ज्याला स्वतःला बायकापोरं नव्हती.

जुना_शब्बाथशाळावाला:
प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना नेमका हाच विषय घेतला होता. बाप लेकराची लंगोटं धुतोय, लोक त्याला बायल्या म्हणून हसतायत, पण ते काम विश्वासाने केलं तर देव सगळ्या दूतांसकट आनंदाने हसतो, असा त्याचा मुद्दा. त्या काळात मठात गेला तोच पवित्र, संसारी माणूस दुय्यम, असं मानायचे, त्याला ते उत्तर होतं. आपल्या प्रोटेस्टंटांकडे मठ नाहीत पण ‘पूर्णवेळ सेवक’ हा शब्द तसाच वापरतो आपण, म्हणजे बाकीचे अर्धवेळ.

गिरीजची_पोर:
सगळ्या भावांनी छान वचनं टाकली. एक विचारू? लूथरचा बाप लंगोट धूत होता, इथे कोण धुतंय? 🙂

मी वसईची. आमच्याकडे धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मिशन संडेला मिशनवर प्रवचन, आणि मदर्स डेला ‘घर हेच लहान चर्च, आई त्याचा आत्मा’. म्हणजे पुरुषाने बाहेर पडलं की पाचारण, बाईने घरात राबलं की पावित्र्य. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे वाचलीत ना सगळ्यांनी? १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ही बाई पदरात पोर घेऊन पाचेक वर्षं माहेर, सासर, पंढरपूर करत राहिली. पुढे एकत्र आल्यावरही घरात आलेला पैसा नवरा कोणाला देऊन टाकेल याचा नेम नाही. त्यांचं पाचारण थोरच, पण त्याचं बिल कोणी भरलं? त्यामुळे घरातच विश्वास सापडतो असं कोणी म्हटलं की मी आधी बघते म्हणणारा कोण आहे. नगरी भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये बायको फक्त रोजरी मागताना दिसली.

मीठ_आणि_प्रकाश:
ताई, टिळकांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. ते घर धरून बसले असते तर मराठी ख्रिस्ती गीतं कुठून आली असती?

गिरीजची_पोर:
आणि ख्रिस्तायन, येशूच्या चरित्रावरचं टिळकांचं काव्य? टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. पुढचं जवळजवळ सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं, धड शाळा न शिकलेल्या बाईने, आणि शेवटाला हात लावला मुलाने. मग हे कोणाचं पाचारण? ज्या घरात इतकी भांडणं झाली, ज्या घराची ताटातूट झाली, त्याच घरातून ते पुस्तक आलंय. मला घराबद्दल तक्रार नाही भाऊ, घरातल्या कामाच्या वाटणीबद्दल आहे.

कॅथलिक बाजूने पण सांगते. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाचे (मदर तेरेजा नव्हे) आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, यांना २०१५ मध्ये संत जाहीर केलं, नवराबायकोला एकत्र संतपद मिळण्याची ती पहिली वेळ. चर्चमधल्या तसबिरीत दोघं शांत दिसतात. खरं घर कसं होतं? नऊ मुलांतली चार लहानपणी गेली. लिओनी म्हणून एक मुलगी इतकी अवघड की बोर्डिंगवाल्या सिस्टरांनी घरी परत पाठवली. आणि झेलीचा लेसचा धंदा जोरात होता म्हणून लुईने स्वतःचं घड्याळांचं दुकान भाच्याला विकलं आणि तो बायकोच्या धंद्यात आला, १८७० मध्ये. हा भाग प्रवचनात कधी ऐकलाय कोणी? मी तर नाही.

निनावी_जालना:
मी सहसा लिहीत नाही. अपूर्ण घरात देव भेटतो वगैरे ठीक आहे, पण अपूर्ण म्हणजे किती अपूर्ण? माझ्या मावशीचा नवरा दारू पिऊन मारायचा, ती आमच्या भागातल्या एका पाळकांकडे गेली तर सांगण्यात आलं की हा तुझा वधस्तंभ आहे, वाहा, तुझ्या प्रार्थनेने तो बदलेल. तो बदलला नाही, तिचा एक कान गेला. शेवटी मामा जाऊन घेऊन आला तिला, तेव्हा मंडळीतल्या बायका म्हणत होत्या विश्वास कमी पडला. त्यामुळे साध्या कुटुंबात देवाचा हेतू वगैरे वाचलं की माझा तर जीव घाबरतो, कारण हेच शब्द तिला ऐकवले होते. तुमच्याकडे बापाचा पाय आणि रुसलेली पोरगी आहे, ते वेगळं. मार खाण्यात कसला हेतू नसतो.

नगरी_कट्टा:
बरोबर आहे तुमचं, पूर्ण मान्य, आणि हे वर लिहायला हवं असं मॉडना सांगतो. मी चिडचिड, गैरसमज, पैशाची ओढाताण याबद्दल बोलत होतो, मारहाणीबद्दल नाही. तिथे आधी घराबाहेर काढायचं, उपासना नंतर.

पण गिरीजच्या ताईंना उत्तर द्यायचंय. ड्रेसिंग मी करतो, सकाळचं इन्शुलिन बायको देते कारण माझी फर्स्ट शिफ्ट असते एमआयडीसीत. पोस्टमध्ये तिचं काम आलं नाही, तिने वाचलं तेव्हा तिने पण हेच म्हटलं, तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. आणि माझा मूळ मुद्दा भावाबद्दल होता, तो कोणी धरलाच नाही. योहान ७ मध्ये लिहिलंय की येशूचे भाऊ पण त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. मार्क ३ मध्ये घरचे त्याला धरायला निघाले, म्हणे याचं डोकं फिरलंय. म्हणजे प्रभूच्या घरात पण सगळे एका ओळीत बसून प्रार्थना करत नव्हते. आणि याच भावांपैकी याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला. आमचा भाऊ होईल न होईल, पण मी सुवार्ता सांगायला दुसऱ्या गावात जायचं आणि घरात त्याच्याशी भांडण ठेवायचं, हे मला जमत नाही.

मीठ_आणि_प्रकाश:
याकोबाला पुनरुत्थित प्रभू भेटला होता भाऊ, १ करिंथ १५. नुसतं घरात एकत्र राहून तो बदलला नाही. कोणीतरी सांगावं लागतंच, आणि भाऊ जर देवाचं नाव काढलं की उठून जात असेल, तर तुम्ही बोलणं टाळताय आणि त्या टाळण्याला सेवा म्हणताय, असं मला स्पष्ट वाटतं, राग मानू नका.

गिरीजची_पोर:
जो माणूस रोज बापाला उचलतो त्याला अजून कोणी काय सांगायचं? उलट त्याला विचारा, तो काय विचार करून करतो ते. तुम्ही आधी ऐका तरी.

मीठ_आणि_प्रकाश:
ऐकायला तयार आहे. नगरी भाऊ, पुढच्या महिन्यात आमची टीम राहुरी आणि श्रीरामपूर भागात तीन दिवस फिरणार आहे, एक दिवस तरी या, आणि भावाला पण आणा, प्रचार करणार नाही त्याला, शब्द देतो.

नगरी_कट्टा:
तीन दिवस जमणार नाही, शनिवारी येईन, पण ड्रेसिंगला रात्री आठच्या आत घरी पाहिजे. भावाला विचारतो, नाहीच म्हणेल. तो आला तर वडलांजवळ कोण हा प्रश्न राहतोच, ते बायकोशी बोलून ठरवतो. आणि तो आलाच तर गाडी तोच चालवणार, गाणी पण त्याचीच लागतील, आधीच सांगून ठेवतो.