पंधरा वर्षांच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर दुरुस्त करून घ्यावेत का?

घोडबंदरवासी:
माझी २०११ सालची १२४८ सीसी कॉमन-रेल डिझेल गाडी आजवर १,७०,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते आणि गायमुखाचा चढ चढताना काळा धूर सोडते. कासारवडवलीतील एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून पाच मिनिटे आवाज ऐकल्यावर ‘चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) गेले’ असे सांगून २६,००० रुपये खर्च सांगण्यात आला. नोव्हेंबरात नोंदणीची मुदत संपते आहे. अशा गाडीवर एवढा खर्च करावा का?

तुर्भेकर:
मी डिझेल पंप-नॉझलच्या कामात आहे. नुसत्या आवाजावरून चारही इंजेक्टर बाद ठरवणे मला पटत नाही. आधी रिटर्न टेस्ट करून घ्या. त्यात इंजेक्टरच्या रिटर्नच्या, म्हणजे जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या, बारीक नळ्या काढून त्या जागी चार सारख्या बाटल्या जोडतात व इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात; जी बाटली इतरांच्या दुप्पट भरते, त्या इंजेक्टरचा आतला व्हॉल्व्ह झिजलेला असण्याची शक्यता सर्वाधिक. तेवढे डिझेल टाकीकडे परत जात राहिल्याने रेलमध्ये (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) प्रेशर लवकर बनत नाही आणि म्हणून सकाळी सेल्फ लांबतो. नॉझलची (इंजेक्टरच्या टोकाची) फवारणी मात्र या चाचणीत कळत नाही, त्यासाठी इंजेक्टर काढून बेंचवरच, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, लावावा लागतो. अल्ट्रासॉनिक सफाईने कार्बन निघतो, झीज भरून येत नाही. तेव्हा नुसत्या सफाईला कोणी ‘रिकंडिशन’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

ऐरोलीकर:
काळ्या धुराचा दोष इंजेक्टरवर टाकण्याची घाई करू नये. माझ्या गाडीत इंजिनला हवा पुरवणारा, टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने, हात घातल्याशिवाय कळणार नाही अशा ठिकाणी, फाटलेला निघाला आणि हवा कमी पडून धूर येत होता. शिवाय कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासल्याविना इंजेक्टरवर एक रुपयाही घालू नये. ते चांगले असेल तर गाडी ठेवण्यासारखी आहे, कारण तपासणीत पास झाल्यास नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. दहा वर्षांची डिझेलबंदी दिल्लीकडची आहे, ठाण्यात ती लागू नाही.

घोडबंदरवासी:
दोघांचेही आभार. काल चाचणी झाली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखे आहे. तिसरी बाटली गळ्यापर्यंत भरली, तेव्हा बाकीच्या तीन निम्म्याही भरल्या नव्हत्या. पाइप शाबूत आहे. त्यामुळे तूर्त तिसऱ्याचाच व्हॉल्व्ह व नॉझल बदलून घेण्याचे ठरवले असून उरलेले तीन केवळ बेंचवर तपासून घेणार आहे.

तुर्भेकर:
योग्य निर्णय. बेंचचा दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन्ही रिपोर्ट मागून घ्या. बसवताना चारही तांब्याचे वॉशर नवेच टाकायला सांगा. जुना वॉशर उलटा करून बसवण्याची खोड अनेकांना असते, आणि मग तिथून गॅस गळून इंजेक्टरभोवती डांबरासारखा थर जमतो.