'नोटीस काढा' म्हणजे लावायची की उतरवायची?

गिरगावचा लेखनिक
गृहनिर्माण सोसायट्यांच्या वेबसाइट चालवायची एक सिस्टीम आमच्याकडे आहे. नोटिसा, सभेचे वृत्तांत, पाणीकपात वगैरे. ही कामं आता एआय एजंट करणार, म्हणून त्याच्यासाठी डॉक्युमेंटेशन लिहितोय, तेही मराठीत, कारण कमिट्या हुकूम मराठीत सोडतात. एका टूलचं (म्हणजे एजंट ज्याच्यामार्फत एकेक काम करतो त्या सोयीचं) जुनं वर्णन असं: 'नोटीस काढण्यासाठी वापरा.' लिहिणाऱ्याच्या मनात प्रसिद्ध करणं होतं. परवा एका सेक्रेटरींनी सांगितलं, "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची नोटीस काढा, काम झालं." एजंटने तीच नोटीस पुन्हा सगळ्या बिल्डिंगला धाडली. दोन अर्थांना दोन पक्की क्रियापदं सुचवा. 'डिलीट' नको, असं वरून आलंय.

प्रूफवाला
प्रसिद्ध करणे आणि वगळणे. मराठी विकिपीडियावर 'वगळा'च आहे. विषय संपला.

माहीमची मावशी
कसला संपला? वगळतात ते यादीतून. लग्नपत्रिकेत आत्याचं नाव वगळलं की काय रामायण होतं ते आमच्याकडे विचारा. फळ्यावरची नोटीस 'उतरवतात'.

परळकर
फोनमध्ये 'हटवा' असतं. लोकांना कळतंय.

प्रूफवाला
हिंदीची उष्टावळ.

परळकर
आणि वर लेखनिकांनी लिहिलेला 'हुकूम' काय ज्ञानेश्वरीतला? अरबी आहे तो. 'गरिबी हटाव' 1971 चं, आता तरी हटवाला घरात घ्या.

सर्व्हरवाली
शब्दावर भांडण्याआधी एजंट काय वाचतो ते बघा. एमसीपी (एजंटला टूल जोडायची ठरावीक पद्धत, अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये आणलेली) वापरत असाल तर त्याला टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा मिळतो, त्यावरून तो टूल निवडतो. म्हणून वर्णनात क्रियापदापेक्षा परिणाम लिहा: 'यानंतर नोटीस रहिवाशांना दिसू लागते', 'यानंतर दिसेनाशी होते, पण कचरापेटीतून परत आणता येते'. कचरापेटी कधी रिकामी होते तेही लिहा. वर्डप्रेसमध्ये ती मुदत मुळात 30 दिवसांची असते. टूल विध्वंसक आहे अशी खूणही एमसीपीत करता येते, पण ती नुसती सूचना. तिच्या भरवशावर परवानगी विचारायची पायरी गाळू नका.

गिरगावचा लेखनिक
परिणाम लिहीनच. पण सेक्रेटरी 'काढा'च म्हणणार ना! तिथे असं लिहावं का: 'काढा' असा शब्द आला आणि त्या विषयाची नोटीस आधीच लागलेली असेल, तर ती उतरव?

माहीमची मावशी
मुळीच नको. गणपतीच्या वर्गणीची नोटीस लागलेली असताना आम्ही दुसरी काढतो, थकबाकीदारांच्या नावांसकट. तुमचा एजंट पहिली उतरवून बसेल. त्याला विचारायला सांगा.

सर्व्हरवाली
+१. आणि विचारताना त्याने 'काढू का?' असं विचारू नये म्हणजे मिळवली.

निवृत्त मास्तर
मुळात 'काढणे' प्राकृत 'कड्ढइ'मधून आलं, म्हणजे ओढणे. आतलं बाहेर आणलं की ते लोकांपुढे येतं किंवा जागेवरून जातं. त्यामुळे अंक काढतात, डाग काढतात, दुकान काढतात, कर्ज काढतात. दात तर पोरंही काढतात आणि डॉक्टरही. शब्द गोंधळलेला नाही, संदर्भ न देणारा माणूस गोंधळलेला आहे. औषधी काढाही यातलाच, अर्क बाहेर काढतात म्हणून.

प्रूफवाला
मास्तर, काढा 'क्वाथ'वरून. काढणेशी संबंध नाही.

निवृत्त मास्तर
आजी तुळस, आलं, गवती चहा उकळायची तेव्हा क्वाथ म्हणत नव्हती.

प्रूफवाला
आजी म्हणत नव्हती म्हणून व्युत्पत्ती बदलते का? बरं, लेखनिक, 'एजंट' तेवढं बदला. सरकारी मराठीत 'अभिकर्ता' आहे.

परळकर
आमचे विम्याचे काका जन्मभर एजंटच राहिले. अभिकर्ता म्हणालो असतो तर हप्ता न घेताच परत गेले असते.

माहीमची मावशी
मला दुसरंच खटकतंय. लेखनिकांनी वर 'उतरव' लिहिलंय, 'उतरवा' नाही. एजंटला अरेतुरे?

गिरगावचा लेखनिक
ताई, तो आमच्याकडे पगारावरही नाही.

माहीमची मावशी
मग तर जास्तच मान द्या. फुकट राबणाऱ्याला अहोजाहो करायची आपल्याकडे रीत आहे, सोसायटीच्या खजिनदारांना विचारा.

निवृत्त मास्तर
आज्ञार्थच टाळा. 'उतरवावी' लिहा, विध्यर्थ.

सर्व्हरवाली
मास्तर, 'उतरवावी' म्हणजे उतरवलीच पाहिजे की उतरवली तर बरं? एजंटने कुठलं धरायचं?