शेजारच्या पडीत वावरातून गाजर गवत येतंय, धुऱ्यावर (बांधावर) कसं थांबवावं?

धुरेकरी_दारव्हा
नमस्कार मंडळी. काळ्या जमिनीचं 4 एकर वावर, अर्ध्यात पऱ्हाटी (कपाशी), अर्ध्यात सोयाबीन-तूर. वरच्या अंगाचं 3 एकर वावर दोन वर्षांपासून पडीत आहे. मालक नागपूरला राहतात, ठोक्यानंही कोणी घेतलं नाही. तिथं गाजर गवत कमरेला लागलंय आणि उतार सगळा माझ्याकडे. धुऱ्यापासून 25-30 फुटांपर्यंत तासातासांत (पिकाच्या ओळींत) रोपं निघतात. दोनदा डवरलं (बैलांचा डवरा फिरवला), एकदा निंदण (खुरपणी) झालं, तरी पाऊस पडला की आठ दिवसांत पुन्हा हिरवं. पलीकडचं अर्धं गवत फुलावर आहे, अर्धं अजून पसरट पानांचं.

कृषी केंद्रवाला म्हणतो धुऱ्यावर टू-फोर-डी हे तणनाशक मारा. गावातले म्हणतात मिठाचं पाणी मारा. काय करावं? आणि बी आत येऊ नये म्हणून काही करता येतं का?

काळी_माती
दादा, आधी पलीकडचं गवत, मग धुरा, शेवटी तुमचं वावर. आपण नेमकं उलटं करतो म्हणून निंदणाचे पैसे वाहून जातात.

एका झाडाला 5,000 ते 25,000 बी धरतं. बी हलकं असतं, वाऱ्यानं थोडं जातं, पण उताराच्या वावरात खरं काम पाणी करतं. तुमची रोपं बहुतेक पाण्याच्या वाटेनंच, पट्ट्यापट्ट्यानं उगवत असतील, बघा. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात झाड फुलावर येतं आणि ओल मिळेल तेव्हा नवी पिढी निघते. हे हंगामी तण नाही, म्हणून "पावसाळा संपल्यावर पाहू" चालत नाही.

मालकांना फोन करा आणि परवानगी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, नाहीतर उद्या धुऱ्याचा वाद निघतो. अख्ख्या 3 एकरांची जबाबदारी अंगावर घेऊ नका. तुमच्या धुऱ्याला लागून 20-25 फुटांची पट्टी आणि जिथून पाणी उतरतं त्या जागा साफ झाल्या तरी फरक पडेल.

पसरट पानांचं गवत वाफसा असताना मुळासकट उपटायचं. विळ्यानं कापू नका. बुडखा राहिला की तिथूनच चार फांद्या फुटतात आणि ते बुटकं झाड लवकर फुलतं. जमीन सुकून भेगाळली की मूळ अर्ध्यात तुटतं, तेव्हाही तेच होतं. म्हणून पाऊस उघडल्यावरचे दोन-तीन दिवस धरा.

फुलावर आलेल्याला वेगळी पद्धत. खताची रिकामी गोणी झाडाच्या डोक्यावरून घालायची, गोणीसकट बुडाशी धरायचं आणि ओढायचं. वावरातून ओढत नेलं तर वाटभर पेरणी होते. रोटाव्हेटर मारायचा मोह होईल, तोही आत्ता नको. बी वरच्या थरात सारखं मिसळतं आणि पुढच्या पावसाला गालिचा उगवतो. फुलाआधी मारला तर हरकत नाही.

आता धुरा. तुमच्या हद्दीत, धुऱ्याला समांतर, दीड फूट रुंद आणि एक फूट खोल चर काढा. तिचं तोंड नाल्याकडे काढून द्या, नाहीतर काळ्या जमिनीत पाणी साचून पऱ्हाटी पिवळी पडेल. वरून येणारं बी गाळासोबत या चरीत बसतं आणि तिथंच उगवतं. दर 15 दिवसांनी चर खरवडायची, हे 25 फूट निंदण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. मात्र खरवडलेला गाळ वावराच्या बाजूला टाकू नका. हीच चूक सगळे करतात.

पुढच्या वर्षी चरीच्या आतल्या बाजूला अंबाडीच्या दोन-तीन दाट ओळी पेरा. पूर्वी वऱ्हाडात धुऱ्याकडेला अंबाडी असायचीच. उंच वाढते, सावली धरते, भाजीही मिळते.

पिकातलं म्हणाल तर पेंडीमिथॅलिन 30 ईसी हे तणनाशक, एकरी 1 लिटर 200 लिटर पाण्यातून, पेरणीनंतर 48 तासांच्या आत आणि ओल्या जमिनीवर. ते उगवू पाहणारी रोपं दाबतं, उगवलेल्याला काही करत नाही. म्हणजे यंदा ती वेळ गेली. आता डवरा आणि खुरपं.

पऱ्हाटीवाला
टू-फोर-डीबद्दल मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: पऱ्हाटी शेजारी असताना नाही. गाजर गवत त्यानं मरतं हे खरं, पण कपाशी त्याला फार नाजूक पीक आहे. वाऱ्यानं फवाऱ्याचा नुसता धुरळा आला तरी आठवडाभरात शेंड्याची नवी पानं अरुंद, लांब, बोटांसारखी फाटलेली निघतात. पाहणाऱ्याला वाटतं भेंडीचं पान आहे. शिरा जवळजवळ येतात, पात्या (फुलकळ्या) गळतात. कास्तकार त्याला रोग समजून बुरशीनाशक मारत बसतो. फटका हलका असेल तर पुढची पानं नीट येतात, पण गेलेल्या पात्या गेल्या.

दुसरा धोका पंपाचा. टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून त्याच पंपानं पऱ्हाटीवर कीटकनाशक मारलं की अख्ख्या तासाची भेंडी होते. पाइपात, गाळणीत, नोझलात अंश राहतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा आणि तो कोणाला उसना देऊ नका, आणूही नका.

ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक सुचवणारे येतीलच. त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांकडूनच व्हावी असा आदेश केंद्रानं ऑक्टोबर 2022 मध्ये काढला होता. आज काय लागू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, दुकानात नको. शिवाय ते निवडक नाही, थेंब पडेल ते हिरवं जातं. कुठलंही तणनाशक मारायचंच झालं तर फ्लॅट फॅन (चपट्या फवाऱ्याचं) नोझल, त्यावर हूड (झाकण), दाब कमी, वेळ सकाळची. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल बारीक धुकं करतं आणि ते धुकंच शेजारी जातं.

रानोमाळ
मिठाचं पाणी धुऱ्यावर नका मारू बाप्पा! 10 लिटरात दीड-दोन किलो मीठ घातलं तं पानं जळतात, खोटं नाही. पण ते रस्त्याच्या मुरमाड कडेले ठीक. काया जमिनीत मीठ खाली निघून जात नाही, पावसानं तुमच्याच वावरात उतरते. खारपाणपट्ट्यातल्या (खाऱ्या पाण्याच्या भागातल्या) कास्तकाराले विचारा खारी जमीन काय असते ते.

पलीकडच्या उरलेल्या वावरासाठी भुंगे सोडा. झायगोग्रामा नाव आहे, पांढुरक्या पाठीवर काळपट वाकड्या रेघा. मेक्सिकोतून आणून 1984 मध्ये बंगळुरूकडं सोडले होते, आता पावसाळ्यात ठिकठिकाणी दिसतात. जिथं गवताची पानं चाळणी झाली असतील तिथं संध्याकाळी जा. भोकं पाडलेल्या बरणीत थोडा पाला टाकून भुंगे अन् अळ्या गोळा करा अन् कोवळ्या गवतावर सोडा. एका जागी 500 तरी पाह्यजेत, पाच-पन्नासानं काही होत नाही. तिथं मंग फवारणी नाही. थंडीत ते जमिनीत जातात, मेले समजू नका.

अन् तरोटा (टाकळा). दिवाळीनंतर शेंगा तपकिरी झाल्या की बी गोळा करा, मे महिन्यात पडीत पट्टीवर फेका. पहिल्या पावसात दाट उगवते अन् गाजर गवताले दाबते. तरोटा तुमच्या धुऱ्याच्या आत नाही घ्यायचा, तेही तणच हाये.

धुरेकरी_दारव्हा
धन्यवाद. मालकांचा "करा" असा मेसेज आला. अडचण मजुरांची. बायका म्हणतात हे गवत उपटलं की मानेला, कोपरात खाज सुटते, एकीच्या पापण्या सुजल्या होत्या. आणि उपटलेलं कुठं टाकायचं? बैलांना चालेल का?

काळी_माती
खाज खरीच आहे, वाळलेल्या गवताच्या धुळीनंही होते. जिला एकदा पापण्यांपर्यंत सूज आली तिला या कामाला लावूच नका, दर वेळी त्रास वाढतो. बाकीच्यांना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडावर रुमाल. काम झाल्यावर साबणानं हातपाय धुवायचे आणि ते कपडे वेगळे धुवायचे. दम्याचा त्रास असणाऱ्यानं फुलोऱ्यात फिरूही नये.

जनावरांना घालू नका, दुभत्या जनावराचं दूध कडवट होतं.

फुलावर न आलेलं गवत खड्ड्यात कुजवा. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट खोल. तळ ठोकून घ्या. सुमारे 50 किलो गवताचा थर, त्यावर शेणकाला, अर्धा किलो युरिया, थोडी माती, पायानं दाबून पुढचा थर. वर घुमटासारखं आलं की शेणमातीनं लिंपून टाका. 4-5 महिन्यांत खत होतं. मध्ये खचलं तर भेगा पुन्हा लिंपा, कारण हवा शिरली की आतली उष्णता जाते.

फुलावर आलेलं मात्र त्यात मिसळू नका. कडेच्या थरात उष्णता कमी असते, तिथलं बी जिवंत राहून शेणखतासोबत तुमच्याच वावरात परत येतं. त्याच्यासाठी पलीकडेच वेगळा खड्डा, वर किमान एक फूट माती. हे बारीक बी दोन इंचांखालून क्वचितच वर येतं. फक्त ती जागा पुढं नांगरू नका, मालकांनाही तसं सांगून ठेवा.